यू-यू, हाड आणि छू यांच्या पुढे : श्वानप्रशिक्षकाचं काम

गुन्ह्याच्या बातमीतलं एक वाक्य आपल्या बेळगाव-निपाणी भागात सगळ्यांना जवळजवळ पाठ आहे. 'श्वानपथकाला पाचारण करण्यात आले. मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले.' चहाच्या गाड्यावर हे वाक्य कुणी मोठ्यानं वाचलं की दुसरा हमखास म्हणणार, "एवढं सरकारी मटण खाऊन शेवटी घुटमळलंच की!"

खरं तर त्या कुत्र्यानं आपलं काम चोख केलेलं असतं. चालताना माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. पावलाखाली गवत चिरडतं, माती हलते, त्यांचाही वास सुटतो. या सगळ्यांचा मिळून जमिनीवर एक माग तयार होतो. माणूस गाडीत बसला, दार लागलं, गाडी निघून गेली की जमिनीवरचा माग तुटतो. मग कुत्रा घुटमळतो. त्याचा अर्थ एवढाच, की 'इथवर तो पायी आला, इथून पुढे पायी गेला नाही.' हा अर्थ ज्याला वाचता येतो तो पोलीस लगेच रस्त्यावरचे कॅमेरे आणि टोलनाके तपासायला सांगतो. ज्याला वाचता येत नाही तो चहाच्या गाड्यावर हसतो.

उलट, माग तुटलेला नसेल तर काय होतं हे आपल्याच राज्यात दिसलं आहे. २०२० मध्ये दावणगेरे पोलिसांच्या तुंगा नावाच्या डॉबरमन कुत्रीनं खुनाच्या तपासात दहा किलोमीटरहून जास्त अंतर धावत संशयिताच्या ठिकाणापर्यंत पथकाला नेलं होतं. तिच्या नाकाचं कौतुक सगळ्यांनी केलं. तिच्या दोरीचं दुसरं टोक धरून तेवढंच अंतर जाणाऱ्या माणसाबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

वाङ्मय मंडळाच्या या अंकासाठी मी लिहायला घेतलं आहे ते या दुसऱ्या टोकाबद्दल. कुत्र्याचं नाक आणि माणसाचा निष्कर्ष यांच्या मधोमध एक माणूस उभा असतो, तो म्हणजे श्वानप्रशिक्षक. तो नेमकं काय करतो, आणि आपल्या घरादाराशी त्याचा काय संबंध, हे मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

चेंडू शोधणारा जवान

मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी झंजीर नावाचा एक लॅब्रॉडॉर मुंबई पोलिसांच्या सेवेत नुकताच आला होता. त्यानं शोधून दिलेल्या साठ्याचे आकडे आजही सांगितले जातात : ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला शासकीय इतमामात निरोप दिला गेला.

झंजीरला आरडीएक्स म्हणजे काय हे ठाऊक होतं का? अजिबात नाही. प्रशिक्षणाची खरी गंमत इथेच आहे. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला सुरुवातीला एकच गोष्ट शिकवतात : हा विशिष्ट वास आला की चेंडू मिळतो. सारख्या दिसणाऱ्या डब्यांची ओळ लावायची, एकात तो वास ठेवायचा. कुत्रा त्या डब्यापाशी थांबला की त्याच क्षणी चेंडू, खेळ, शाबासकी. रोज हेच, जागा बदलून, डबे बदलून, आजूबाजूला दुसरे वास पसरून. काही महिन्यांनी कुत्रा तो वास वेड्यासारखा शोधू लागतो. आपल्या दृष्टीनं तो बॉम्ब शोधतो, त्याच्या दृष्टीनं तो चेंडूच शोधत असतो.

शोध लागल्यावर मात्र त्यानं भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही. शांत बसायचं. पंजाच्या धक्क्यानं स्फोट होऊ शकतो, म्हणून हे 'बसणं' तासन् तास घोटून घेतात. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. एवढं तीक्ष्ण नाक निसर्गानं दिलंय, पण 'सापडल्यावर गप्प बैस' हे निसर्गानं दिलेलं नाही. ते माणसानं शिकवलेलं आहे.

या कामाच्या मोठ्या शाळा देशात आहेत. लष्कराची मेरठला, रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात. सीमा सुरक्षा दलाची ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला. केंद्रीय राखीव पोलीस दलाची बेंगळुरूजवळ तरळूला. या शाळांत कुत्रा एकटा शिकत नाही, त्याच्याबरोबर त्याचा हँडलरही शिकतो. कुत्र्याच्या शेपटीचा वेग बदलला, श्वास बदलला, मान किंचित वळली, हे त्याला टिपता आलं पाहिजे. कुत्रा पास झाला आणि हँडलर नापास, तर जोडीच नापास.

मुधोळचा धडा

आपल्याकडे एक म्हण आहे : कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. स्वभाव बदलत नाही, असा तिचा अर्थ. चांगला प्रशिक्षक ही म्हण नाकारत नाही. तो शेपूट सरळ करायच्या भानगडीतच पडत नाही. वाकड्या शेपटीचा उपयोग काय, हे तो पाहतो.

याचं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. गोकाक ओलांडून पुढे गेलं की बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ लागतं. हे घोरपडे घराण्याचं जुनं मराठा संस्थान. इथल्या लांब पायांच्या, सडपातळ शिकारी कुत्र्यांची जात टिकवण्याचं श्रेय राजे मालोजीराव घोरपडे यांना दिलं जातं. महाराष्ट्रात याच जातीला कारवान म्हणतात. २००५ मध्ये डाक विभागानं भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत हिमालयन शीपडॉग, रामपूर आणि राजपालयम यांच्याबरोबर मुधोळही होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला आता पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथली पिल्लं २०१६ मध्ये लष्करानं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली.

मुधोळ हाउंड हा डोळ्यानं शिकार करणारा कुत्रा. लांबवर काही हललं की त्यानं झेप घ्यायची, हेच त्याच्या रक्तात पिढ्यान् पिढ्या मुरवलेलं. लॅब्रॉडॉर मात्र खाण्यासाठी आणि खेळण्यासाठी एकच गोष्ट शंभर वेळा आनंदानं करतो. मुधोळ तिसऱ्या-चौथ्या वेळी कंटाळून दुसरीकडे बघतो. म्हणून तो 'ढ' ठरत नाही. त्याचे धडे छोटे ठेवायचे, त्याला धावू द्यायचं, राखणीचं आणि गस्तीचं काम द्यायचं. एकाच पट्टीनं सगळ्या विद्यार्थ्यांना मोजू नये, हे आपण शिक्षणशास्त्रात वाचतो. श्वानप्रशिक्षक ते रोज मैदानावर करतो.

आणि प्रशिक्षक म्हणजे गणवेशातलाच असतो असंही नाही. सुगी झाली की आपल्या चिकोडी-निपाणी भागात धनगर मेंढरं घेऊन येतात, शेतात खतासाठी मेंढरं बसवतात. त्या वाड्याभोवतीचा कुत्रा रात्रभर लांडग्या-कोल्ह्यापासून कळप राखतो. त्याला कुणी 'सिट' शिकवलेलं नसतं. धनगर एवढंच करतो, की पिल्लू अगदी लहान असताना मेंढरांतच वाढवतो. शास्त्र सांगतं, की साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात येतं, त्यांना ते आपलं मानतं. विज्ञानानं हे विसाव्या शतकात प्रयोगांनी मांडलं. धनगराच्या वाड्यावर ते पोथीशिवाय चालत आलेलं आहे.

एका 'बस'ची पाच नावं

आता घराकडे येऊ. माझ्या मामांचं गाव निपाणीजवळ. त्यांच्या घरी राजा नावाचा लॅब्रॉडॉर आहे. दोन वर्षांचा झाल्यावर तो घरातल्या तीन वर्षांच्या मुलीवर गुरगुरू लागला. एकदा तिच्या हातावर दात उमटले. कातडी फाटली नाही म्हणून निभावलं. घरात दोन तट पडले. एक म्हणे ठेवायचा, दुसरा म्हणे हायवेला सोडून यायचा. शेवटी मामांनी बेळगावहून एका प्रशिक्षकांना बोलावलं. सैन्यात कुत्र्यांबरोबर काम करून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

पहिल्या दिवशी मास्तरांनी कुत्र्याला हातसुद्धा लावला नाही. तासभर ओट्यावर बसून चहा घेतला आणि प्रश्न विचारले. कधी गुरगुरतो? खाताना की झोपेत? पोरगी त्याच्या कुठं हात लावते? मग म्हणाले, "मामा, ह्यो मान सारखी झटकतोय बघा. आधी डॉक्टर. कान दाखवा, मग मला बोलवा."

कानात संसर्ग निघाला. पोरगी लाडानं गळ्यात पडायची तेव्हा नेमका त्या कानावर दाब यायचा. दुखणं सांगायला कुत्र्याकडे गुरगुरण्यापलीकडे भाषा कुठली? घरच्यांनी मात्र तोवर दर वेळी गुरगुरल्याबद्दल त्याला फटका दिला होता. मास्तरांनी जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. "गुरगुरणं ही घंटा हाय. घंटा वाजली म्हणून घंटा फोडली, तर आग लागल्यावर कळणार कसं? मार खाऊन गुरगुरायचं बंद केलेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतंय."

औषधानं कान बरा झाला. मग खरी शिकवणी सुरू झाली, आणि ती घरच्यांची.

"आज्जी, ह्याला बसवायचं असलं तर तुम्ही काय म्हणता?"

"बस बाबा म्हणते की."

"वहिनी, तुम्ही?"

"मी सिट म्हणते."

गोठ्यावरचा गडी कन्नड बोलणारा, तो 'कुंद्रु' म्हणायचा. मामा दरडावून 'खाली!' म्हणायचे. आणि पोरगी आईचं ऐकून 'चिट, चिट'.

मास्तर हसले. "एका कामाला पाच नावं. कुत्रं हुशार असतंय, खरं गोंधळणार नाही तर काय? भाषा कुठलीबी चालंल. कुत्र्याला सीमाप्रश्न नाही. घरातल्यांचं एकमत तेवढं पायजे."

भिंतीवर कागद लागला. बस, ये, थांब, सोड, जागेवर. पाच कामं, पाच शब्द, घरातल्या सगळ्यांना सक्तीचे, गड्यालासुद्धा. शिवाय एक नियम : खाताना आणि झोपेत राजाला कुणी हात लावायचा नाही, आणि मोठं माणूस जवळ नसेल तर पोरगी आणि कुत्रा एका खोलीत नाहीत. राजा आजही त्या घरात आहे. तो नियमही आहे.

मास्तरांचं सीमाप्रश्नाचं बोलणं मला नंतर वेगळ्याच ठिकाणी आठवलं. २०२२ मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्टच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली मुख्य संशोधिका मेक्सिकोहून आपला कुत्रा घेऊन हंगेरीला राहायला आली होती. इथले लोक वेगळी भाषा बोलतात हे आपल्या कुत्र्याला कळत असेल का, असा तिला प्रश्न पडला. १८ कुत्र्यांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात शांत पडून राहायला शिकवलं आणि त्यांना स्पॅनिश आणि हंगेरियन वाचन ऐकवलं. ओळखीच्या आणि अनोळखी भाषेला त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद वेगवेगळा दिसला. म्हणजे बेळगावच्या गल्लीतल्या कुत्र्याला मराठी आणि कन्नड वेगळ्या आहेत हे बहुधा कळत असणार. त्याला फक्त त्याचं वावडं नाही. (आणि यंत्रात न हलता पडून राहायला त्या कुत्र्यांना कुणी शिकवलं असेल? तिथंही प्रशिक्षण आलंच.)

शिकवणं म्हणजे काय?

सगळ्या प्रशिक्षणाच्या मुळाशी एक साधा नियम आहे : ज्या वागण्यातून फायदा होतो ते वागणं वाढतं. अडचण अशी की फायदा कशात आहे हे कुत्रा ठरवतो, आपण नाही.

पेपरवाला आला, कुत्रा भुंकला, पेपरवाला गेला. पेपरवाला तसाही जाणारच होता. पण कुत्र्याचा हिशेब असा, की 'मी भुंकलो म्हणून गेला.' रोज सकाळी त्याला हेच बक्षीस मिळतं, आणि वर्षभरात भुंकणं पक्कं होतं. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला आपण ओरडतो, हातानं ढकलतो. त्याला तो खेळ वाटतो. प्रशिक्षक सांगतो, उडी मारली की पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच लाड करा. सांगायला सोपं, पण घरातल्या सहाच्या सहा माणसांनी ते करायचं म्हणजे कठीण.

वेळेचंही तसंच. बक्षीस किंवा नकार एखाद्या क्षणात पोहोचला तरच कुत्रा तो आपल्या कृतीशी जोडतो. सकाळी चप्पल फाडलेली दुपारी दाखवून मारलं, तर तो एवढंच शिकतो की दुपारी मालकाच्या जवळ जायचं नसतं. त्यानं मान खाली घातली की आपण म्हणतो, 'बघ, चूक कळली त्याला.' त्याला चूक कळलेली नसते, आपला राग कळलेला असतो.

मारून, गळ्याला काटेरी पट्टा किंवा विजेचा झटका देणारा पट्टा बांधून शिकवणारे प्रशिक्षकही आहेत. 'मालक हा टोळीचा नायक, कुत्र्याला दबवलंच पाहिजे' असा त्यांचा सिद्धांत. तो मुळात पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणावरून आला. तो लोकप्रिय करण्यात डेव्हिड मेक या संशोधकाच्या १९७० च्या पुस्तकाचा वाटा होता, आणि रानातले लांडगे म्हणजे आई-बाप आणि पिल्लं असं साधं कुटुंब असतं, हे पुढे मेक यांनीच सांगितलं. अमेरिकेतल्या पशुवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात, असं स्पष्ट निवेदन दिलं. वेल्समध्ये तर झटक्याच्या पट्ट्यावर २०१० पासून बंदी आहे.

पाटी कुणीही लावू शकतो

डॉक्टर, वकील यांच्यासारखी नोंदणी या व्यवसायाला नाही. उद्या कुणीही 'डॉग ट्रेनर' अशी पाटी लावू शकतो. म्हणून पारखायची जबाबदारी आपल्यावर येते. माझ्या मते चार गोष्टी पाहाव्यात. तो शिकवताना घरच्यांना समोर उभं करतो का, की 'महिनाभर माझ्याकडे सोडा, तयार करून देतो' म्हणतो? कुत्रा अचानक बदलला असेल तर आधी पशुवैद्याकडे पाठवतो का? चुकल्यावर तो काय करतो, हे विचारल्यावर सरळ उत्तर देतो का? आणि शंभर टक्के हमी देतो का? जो हमी देतो त्याला मी तरी बोलावणार नाही. जिवंत प्राण्याची हमी कोण देणार?

कायदाही थोडा माहीत असावा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला मारहाण करणं, आखूड साखळीला दीर्घकाळ बांधून ठेवणं आणि पाळलेला प्राणी सोडून देणं, हे तिन्ही गुन्हे आहेत. 'हायवेला सोडून येऊ' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २३ जाती धोकादायक ठरवणारं परिपत्रक काढलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. पण जातीवर बंदी असो वा नसो, पट्ट्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न उरतोच.

प्रशिक्षण हा लसीला पर्याय नाही, हेही सांगायला हवं. कुत्रा कितीही शहाणा असला तरी त्याला रेबीजची लस दरवर्षी हवी. आणि कुठलाही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चुना, हळद, मिरची लावत बसायचं नाही. रेबीज एकदा उमटला की जवळजवळ कुणी वाचत नाही.

आता थोडं आपल्या भाषेबद्दल, कारण शेवटी आपण वाङ्मय मंडळवाले. मराठीनं कुत्र्याला पूर्वापार तीन शब्द दिले आहेत. बोलवायला 'यू-यू', हाकलायला 'हाड', आणि अंगावर सोडायला 'छू'. बोलवायचं, हाकलायचं, सोडायचं, एवढाच आपला संवाद. कुत्रा दाराबाहेर, गल्लीत किंवा शेतावर होता तोवर हे पुरत होतं. आता तो घरात, फ्लॅटमध्ये, लहान मुलांच्या शेजारी आला आहे, आणि 'थांब', 'सोड', 'जागेवर' हे शब्द त्याला कुणी शिकवलेले नाहीत. प्रशिक्षक हे राहिलेले शब्द घराघरांत पोहोचवतो. ते मराठी असोत, कन्नड असोत की इंग्रजी, काही बिघडत नाही.

तुमच्या घरी पिल्लू आणायचं ठरत असेल, तर पट्टा आणि भांडं घ्यायच्या आधी सगळे एकत्र बसा आणि पाच शब्द ठरवा. त्यावर एकमत झालं नाही, तर पिल्लू आणायची घाई करू नका.